९० टक्के लसीकरणाचा दावा, २१० मुलांचा सर्व्हे, आणि झेड टेस्ट नेमकी कुठे फसली

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेत काम करता करता एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करणाऱ्या ताईंनी विचारलंय, की त्यांच्या तालुक्यात १२ ते २३ महिन्यांच्या ९० टक्के मुलांचं पूर्ण लसीकरण झालंय असं आरोग्य विभागाच्या रिपोर्टमधे आहे. त्यांनी १४० गावांमधून ३० गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली, प्रत्येक गावात ७ मुलं घेतली, एकूण २१०. त्यातली १७८ पूर्ण लसीकरण झालेली निघाली, म्हणजे ८४.८ टक्के. झेड टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू (दावा खरा असता तर एवढी किंवा याहून मोठी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०११ आली, "दावा खोटा ठरला" असं लिहिलं, आणि गाइड म्हणाले हे असं चालणार नाही, पण का ते काही सांगितलं नाही. सोबत त्यांनी गाववार शीट टाकलीये, किती जणांचं कार्ड बघितलं ते दिलंय आणि अजून दोन गोष्टी विचारल्यात, वन-टेल टेस्ट (फक्त एकाच बाजूची तफावत मोजणारी) घेतली तर चालेल का आणि फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन (मुळात मुलं आणि गावं मोजकीच असल्याची दुरुस्ती) लावायचं का.

ताई, तुमची आकडेमोड मी आधी तपासली, ती बरोबर आहे. खरंच ९० टक्के असते तर २१० मधे १८९ मुलं निघायला हवी होती, निघाली १७८, म्हणजे ११ कमी. आता २१० मुलं उचलली की नशिबाने थोडं मागेपुढे होणारच, ते साधारण किती होईल हे काढायचं तर २१० × ०.९ × ०.१ याचं वर्गमूळ, म्हणजे ४.३५ मुलं. ११ भागिले ४.३५, झेड आला २.५३, दोन्ही बाजू धरून पी-व्हॅल्यू ०.०११. मी मुद्दाम टक्क्यांऐवजी मुलांमधे मांडलं, कारण स्टँडर्ड एरर (याच नशिबाच्या चढउताराचं माप) २.०७ टक्के वगैरे म्हटलं की ते हवेत राहतं, पण "अकरा मुलं कमी पडली, चार-साडेचार इकडेतिकडे चाललं असतं" हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मीटिंगमधेही सगळ्यांना कळतं. वर्गमूळात तुम्ही ०.९ घातलंय, ०.८४८ नाही, तेही बरोबरच, कारण टेस्ट म्हणजे "समजा दावा खरा आहे" इथून सुरुवात, मग चढउतारही दाव्याच्याच आकड्यावरून काढायचे.

घोळ आहे तो त्या ४.३५ मधे. हे सूत्र असं धरून चालतं की तालुक्यातल्या सगळ्या मुलांची एक यादी होती आणि त्यातून तुम्ही २१० चिठ्ठ्या उचलल्या, एका मुलाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. तुम्ही तसं केलेलं नाहीये, कोणीच करत नाही, परवडतच नाही. तुम्ही ३० गावं उचलली आणि प्रत्येक गावात सात मुलं. आता एका गावातल्या सात मुलांचं बघा, सिस्टर एकच, आशाताई एकच, लसीकरणाचं सत्र महिन्यातल्या त्याच एका दिवशी अंगणवाडीत. एखाद्या महिन्यात सिस्टर रजेवर असल्या किंवा लसच पोचली नाही तर सातातल्या एकाची नाही, तीन-चार जणांची पाळी चुकते, आणि एखाद्या आशाताई घरोघरी जाऊन बोलावून आणणाऱ्या असल्या तर सातच्या सात पूर्ण. म्हणजे पहिल्या दोन-तीन घरांत विचारलंत की उरलेल्या चारांचं बरंचसं उत्तर तिथेच कळलेलं असतं. शितावरून भाताची परीक्षा जमते, पण सात शितं पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली असतील तर ती सात शितं नाहीत, जेमतेम तीन-चार आहेत.

हे नुसतं तोंडी सांगत नाही, तुमच्या शीटमधेच आहे ते. ३० पैकी १६ गावांत ७ पैकी ७ मुलं पूर्ण. चार गावांत ६, चार गावांत ५, चार गावांत ४ आणि दोन गावांत फक्त ३. बेरीज १७८, जुळते. आता जर मुलं खरंच सुटी सुटी असती, गावाचा काही परिणामच नसता, तर ८४.८ टक्क्यांच्या हिशोबाने सातच्या सात पूर्ण असलेली गावं साधारण नऊ-दहा दिसायला हवी होती, दिसतायत सोळा, आणि तीनवर अडकलेलं गाव तर बहुतेक एकही दिसलं नसतं. मधली गावं कमी आणि दोन्ही टोकांना गर्दी, हीच क्लस्टरिंगची, म्हणजे एका गावातली मुलं एकमेकांसारखी असण्याची, खूण. नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, पण लोक गाववार तक्ता कधी मांडतच नाहीत, सगळ्या मुलांची एक लांबलचक कॉलम करून थेट टक्केवारी काढतात आणि ही माहिती तिथेच मरते.

आता आकडा काढू. एक्सेलमधे ३० ओळी घ्या, प्रत्येक गावाला एक ओळ, त्यात ७ पैकी किती. या ३० आकड्यांचा व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) काढा, सँपलचा, म्हणजे २९ ने भागणारा. येतो १.८६. मुलं सुटी असती तर तो ७ × ०.८४८ × ०.१५२ म्हणजे ०.९० च्या आसपास असता. १.८६ भागिले ०.९०, साधारण २.०५. यालाच डिझाइन इफेक्ट म्हणतात, संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी रूढ केलेली गोष्ट. अर्थ असा की तुमच्या सर्व्हेतला व्हेरियन्स चिठ्ठ्या टाकून केलेल्या सर्व्हेच्या दुपटीपेक्षा जरा जास्त, म्हणजे माहितीच्या हिशोबाने तुमची २१० मुलं ही १०२ मुलांइतकीच. बाकीची १०८ वाया गेली असं नाही, पण त्यांनी नवीन फार काही सांगितलं नाही.

मग झेडचं काय होतं? २.५३ ला २.०५ च्या वर्गमूळाने भागायचं, १.४३ ने. आला १.७७. आणि एक बारीक गोष्ट, इथे आता नॉर्मलचा तक्ता न बघता टीचा बघायचा, २९ डिग्रीज ऑफ फ्रीडमचा (३० गावं वजा एक), कारण चढउताराचा अंदाज आपण ३० गावांवरून केलाय, २१० मुलांवरून नाही. दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू येते साधारण ०.०९. म्हणजे ०.०११ वरून ०.०९, रिजेक्ट करायच्या नेहमीच्या ०.०५ च्या रेषेच्या वर. गाइड का अडले ते इथे आहे.

सॉफ्टवेअरवाले इथे एक गोष्ट विचारतील म्हणून आत्ताच सांगतो. आर मधलं सर्व्हे पॅकेज घ्या, स्टाटा घ्या किंवा फुकटातलं एपी इन्फो घ्या, ती दाव्यातले ९० टक्के माहीत नसताना फक्त डेटावरून स्टँडर्ड एरर काढतात. तुमच्या डेटाचा तो येतो ३.५५ टक्के. नुसतं ५.२४ (९० आणि ८४.७६ मधला फरक) भागिले ३.५५ केलंत तर १.४७ येईल आणि पी-व्हॅल्यू ०.१५, म्हणजे वरच्या ०.०९ पेक्षा अजून ढिली. दोन आकडे बघून घाबरू नका. टक्केवारी ९० च्या जवळ गेली की चढउतार आक्रसतो, ८५ ला तो मोठा असतो, म्हणून कुठल्या टोकाला उभं राहून मोजताय यावर आकडा बदलतो. सरळ रेषेत मोजण्याऐवजी लॉजिट स्केलवर (पूर्ण भागिले अपूर्ण या गुणोत्तराचा लॉग घेऊन) केलं की ही ओढाताण बरीच कमी होते, तिथे टी येतो १.७५ आणि पी-व्हॅल्यू पुन्हा ०.०९. कॉन्फिडन्स इंटरव्हलही (डेटाशी जुळणाऱ्या आकड्यांचा पट्टा) लॉजिटवाला घ्या, तो येतो ७६.० ते ९०.७ टक्के. साधा प्लस-मायनसवाला घेतलात तर ७७.५ ते ९२.० येईल, तो ८५-९० च्या पट्ट्यात मला आवडत नाही, ९५ च्या पुढे तर तो १०० च्या वर जाऊन हसं करतो. क्लस्टरिंग विसरून विल्सन पद्धतीने काढला असता तर ७९.३ ते ८९.० आला असता, ९० बाहेर, आणि तुम्ही निवांत "रिजेक्ट" लिहून मोकळ्या झाला असतात.

आता इथे दुसरं टोक गाठायचं नाही. ०.०९ आली म्हणजे "दावा खरा ठरला" असं नाही. ७६ पासून ९०.७ पर्यंत काहीही असू शकतं एवढंच तुमचा सर्व्हे म्हणतोय, त्यात ९० जेमतेम वरच्या काठाला बसतंय. दाव्याच्या विरोधात पुरावा आहे, पण निकाल देण्याइतका नाही. आणि तुमच्या ड्राफ्टमधलं "म्हणजे दावा खोटा असण्याची शक्यता ९८.९ टक्के" हे वाक्य आजच्या आज काढा. पी-व्हॅल्यू दाव्याची शक्यता सांगत नाही, दावा खरा धरला तर एवढी किंवा याहून मोठी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगते. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल परीक्षक याच वाक्यावर पकडतात, अगदी ठरलेलं.

बरं, सर्व्हे एवढा बोथट का निघाला? कारण ३० गावं गुणिले ७ मुलं हा साचाच त्यासाठी नाहीये. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमातून आलेला, आणि तो बांधलाच होता प्लस-मायनस १० टक्क्यांच्या अंदाजासाठी. हिशोब असा, प्रमाण ५० टक्के धरा, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती, प्लस-मायनस १० साठी सुटी मुलं लागतात ९६, डिझाइन इफेक्ट २ धरला की १९२, भागिले ३० गावं, ६.४, वर ढकलून ७. झालं २१०. सातचा आकडा एवढ्यावरून आलाय, त्यात गूढ काही नाही. ज्या जमान्यात लसीकरण ३० टक्के आहे की ६० हे कळणं मोठी गोष्ट होती तेव्हा हा साचा उत्तम होता. तुम्ही त्याच साच्याला विचारताय की ८५ आहे की ९०, त्याला तेवढं बारीक दिसतच नाही. संघटनेच्या २०१८ च्या नव्या मॅन्युअलमधेही जुनी सात-मुलांच्या कोट्याची पद्धत सोडून घरांची नीट यादी करून रँडम निवड करा असंच सांगितलंय, पण आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टांमधून ३० गुणिले ७ काही जात नाही, वर्षानुवर्षं एकाचा सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) बघून दुसरा लिहितो.

खरं ८५ असेल तर ते ९० पेक्षा वेगळं म्हणून पकडायला, ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून, सुटी मुलं लागतात ३१६. तुमच्या डेटावरून गावातल्या मुलांचं आपसातलं साम्य काढलं तर ते येतं ०.१७६, म्हणजे डिझाइन इफेक्टमधून १ वजा करून १.०५४, भागिले सातातून १ वजा करून ६. आता गंमत बघा. गावात ७ मुलं घेत राहिलात तर ६५० मुलं आणि ९३ गावं. गावात १० घेतलीत तर ८१६ मुलं आणि ८२ गावं. गावात ५ घेतलीत तर ५३८ मुलं आणि १०८ गावं. म्हणजे सातावरून दहावर गेलात तर १६६ मुलं जास्त विचारावी लागतात आणि वाचतात फक्त ११ गावं. पैसा गाडीवर जातो की सर्व्हेवाल्या मुलींच्या मानधनावर, त्यावर ठरवायचं, पण एका गावात जास्त मुलं कोंबून ताकद येत नाही हे लक्षात ठेवा, ताकद गावांच्या संख्येत आहे. १४० गावांच्या तालुक्यात ९३ गावं म्हणजे दोन तृतीयांश तालुका फिरणं आलं, त्यामुळे एका तालुक्यापुरतं ८५ विरुद्ध ९० हा प्रश्न सर्व्हेने सोडवायच्या लायकीचा आहे का हाच आधी विचार करायला हवा, माझ्या मते बहुतेक वेळा नसतो.

वन-टेलबद्दल. हो, वन-टेल घेतलीत तर पी-व्हॅल्यू निम्मी होऊन साधारण ०.०४५ येईल आणि ०.०५ च्या खाली जाईल, म्हणूनच तुम्ही विचारताय हे कळतंय :) पण सिनॉप्सिसमधे तुमचं वाक्य आहे "प्रत्यक्ष प्रमाण नोंदवलेल्या प्रमाणापेक्षा वेगळं आहे का", हे दोन्ही बाजूंचं झालं. डेटा बघितल्यावर बाजू निवडायची नाही. खरं तर तुमचा प्रश्न मुळातच एकाच बाजूचा होता, ९० पेक्षा जास्त निघालं असतं तर कोणाला काय त्रास होता, तेव्हा सुरुवातीलाच "९० पेक्षा कमी आहे का" असं लिहून एथिक्स कमिटीकडे दिलं असतं तर मी वन-टेलला हरकत घेतली नसती. पण आता नाही. आणि तसंही ०.०४५ आणि ०.०९ यांच्यामधे तालुक्यातल्या एकाही मुलाची परिस्थिती बदलत नाही.

त्याहून मोठा प्रश्न असा की नल हायपोथिसिस, म्हणजे सुरुवातीला खरं धरायचं विधान, कोणाच्या बाजूचं. तुम्ही "९० आहे" हे गृहीत धरून त्याला खोटं पाडायला गेलात, म्हणजे संशयाचा फायदा आरोग्य विभागाला. उलटंही करता येतं, "९० पेक्षा कमी आहे" असं धरा आणि विभागाने सिद्ध करून दाखवावं. तसं केलं तर तुमच्या डेटावर दावा सिद्ध होण्याच्या जवळपासही जात नाही. एकाच सर्व्हेतून "दावा खोडता आला नाही" आणि "दावा सिद्ध झाला नाही" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि वर्तमानपत्रात कुठलं जाईल ते कोण लिहितंय त्यावर. मिशन इंद्रधनुष्य २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हापासून ९० टक्के हे टार्गेट डोक्यावर आहे, त्यामुळे रिपोर्टमधे बरोब्बर ९० दिसलं की मी जरा थांबतो. देशपातळीवर एनएफएचएस-४ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मधे, म्हणजे २०१५-१६ ला, पूर्ण लसीकरण ६२ टक्के होतं आणि २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मधे ७६ टक्के. तुमचा तालुका यापेक्षा चांगला असूच शकतो, पण ९० गृहीत धरायला काही आधार लागतो.

आणि तो ९० आलाय कुठून तेही बघा. रिपोर्टातली टक्केवारी म्हणजे लसीकरण पूर्ण झाल्याची नोंद असलेली बालकं भागिले अपेक्षित बालकं. हा छेद अंदाजाने काढलेला असतो, मागे २०११ ची जनगणना, त्यावर जन्मदराचे ठोकताळे. छेद कमी धरला गेला की टक्केवारी फुगते, कागदावर १०० च्या वर गेलेली गावंसुद्धा असतात. शिवाय तो आकडा त्या आर्थिक वर्षात एक वर्षाच्या आत लस पूर्ण झालेल्या बाळांचा, तुमची मुलं १२ ते २३ महिन्यांची, म्हणजे त्यातली बरीचशी आधीच्या वर्षातली. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना आहे ही, मेथडॉलॉजीत चार ओळी यावर हव्यातच.

आता कार्डांकडे येऊ, कारण मला टेस्टपेक्षा यात जास्त जीव वाटतो. २१० पैकी १४१ मुलांचं माता-बाल संरक्षण कार्ड तुमच्या टीमने डोळ्यांनी बघितलं, त्यातली १२९ पूर्ण, ९१.५ टक्के. उरलेल्या ६९ जणांचं आईला विचारून लिहिलं, त्यातली ४९ पूर्ण, ७१ टक्के. लगेच कोणीतरी म्हणेल की कार्डवालेच खरे, त्यांच्यात ९१.५ आहे, म्हणजे दावा बरोबर. असं करू नका. कार्ड जपून ठेवणारं घर आणि कार्ड हरवलेलं घर ही वेगळी घरं आहेत, जी आई दर सत्राला येते तिच्याकडेच कार्ड सापडतं. पण उलट बाजूही आहे, आईच्या आठवणीवर तरी किती विसंबायचं? पेंटाव्हॅलंटचे तीन डोस, पोलिओचे तीन, बीसीजी, गोवर-रुबेलाचा पहिला, हे सगळं एका वर्षात, "सगळी इंजेक्शनं दिली" म्हणणाऱ्या आईचा एक डोस राहिलेला असू शकतो आणि "आठवत नाही" म्हणणारीचं सगळं झालेलं असू शकतं. अशा ठिकाणी मी सरळ दोन्ही आकडे वेगळे छापतो आणि उपकेंद्रातल्या रजिस्टरशी जमतील तेवढी नावं ताडून बघतो. तुमच्या ६९ मुलांचं रजिस्टर आठवडाभरात बघून होईल, हे केलंत तर तुमच्या थिसिसची किंमत कुठल्याही टेस्टपेक्षा जास्त वाढेल. बीसीजीचा व्रण दंडावर बघून घेतला असता तर तेवढ्या एका लसीचा तरी पडताळा मिळाला असता, पुढच्या वेळी फॉर्ममधे तो रकाना टाका.

मग बंद घरं. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की २६ घरं कुलूपबंद होती म्हणून पुढचं घर घेतलं, सर्व्हे जानेवारीत केला आणि तालुका ऊसतोडीचा आहे. अहो, जानेवारीत ऊसतोडीचं कुटुंब गावात सापडेलच कसं, दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि कारखाने बंद होईपर्यंत फडावर असतात. ती मुलं तुमच्या सँपलमधे आलीच नाहीत, त्यांच्या जागी शेजारच्या घरातलं, वर्षभर गावात असणारं मूल आलं. ज्याची लस राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेच मूल वगळलं गेलं, म्हणजे तुमचे ८४.८ बहुतेक खऱ्यापेक्षा जास्तच आहेत. ही चूक कुठल्याही स्टँडर्ड एररमधे दिसत नाही आणि सँपल दुप्पट करूनही जात नाही. आपले साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे पीक-कापणीच्या सर्व्हेबद्दल १९४० च्या दशकात दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी वाद घालत होते तो मुद्दा याच जातीचा, छोटे प्लॉट कापले की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न जास्त दिसतं, मग असे हजारो छोटे प्लॉट कापा, जास्तच दिसणार.

यावर उपाय म्हणून निदान कडेचे आकडे काढता येतात. धरा त्या २६ घरांत प्रत्येकी एक मूल त्या वयाचं होतं, तर एकूण २३६. सगळ्यांचं लसीकरण पूर्ण असतं तर २०४ भागिले २३६, ८६.४ टक्के. कोणाचंच नसतं तर १७८ भागिले २३६, ७५.४ टक्के. म्हणजे कितीही उदार झालात तरी तुमच्या सर्व्हेतला आकडा ९० ला लागत नाही, सँपलिंगचा चढउतार मात्र त्यावर वेगळा, तो धरला तर ८६.४ सुद्धा ९० पासून ठामपणे वेगळं म्हणता येत नाही. हे दोन आकडे रिझल्टच्या तक्त्याखाली लिहा. जमलं तर टोळ्या परत आल्यावर मे महिन्यात त्या २६ घरांना पुन्हा भेट द्या, यादी तुमच्याकडे आहेच.

गावात पहिलं घर कसं निवडलं तेही लिहा. चावडीपाशी बाटली फिरवून दिशा धरली आणि मग लागून लागून सात घरं घेतली असतील, तर वस्तीवरची, पाड्यावरची, गावाबाहेरच्या पालातली मुलं सुटली असणार, आणि शेजारशेजारची घरं घेतल्याने क्लस्टरिंगही वाढलं असणार. गावं लोकसंख्येच्या प्रमाणात निवडली आणि प्रत्येकात सारखीच मुलं घेतली हे मात्र चांगलं केलंत, त्यामुळे वेटची (गावागणिक वेगळा भार देण्याची) फारशी भानगड राहत नाही. नुसत्या चिठ्ठ्या टाकून गावं निवडली असती तर दोनशे उंबऱ्यांचं गाव आणि दोन हजार उंबऱ्यांचं गाव सारख्याच तोलाचं झालं असतं आणि मग प्रत्येक गावाला त्याच्या मुलांच्या संख्येचं वेट लावल्याशिवाय ८४.८ ला तालुक्याचा आकडा म्हणताच आलं नसतं.

एक गोष्ट तुमच्या शीटमधे पडून आहे आणि तुम्ही ती लिहिलीच नाहीये. लसीकरण अपुरं असलेली मुलं एकूण ३२. त्यातली २० मुलं फक्त सहा गावांतली आहेत, जिथे ७ पैकी ४ किंवा ३ च पूर्ण होती. म्हणजे तालुका सगळीकडे सारखा ५ टक्क्यांनी मागे आहे असं चित्र नाहीये, बहुतेक गावांचं ठीक चाललंय आणि काही गावांत मोठं भगदाड आहे. सात मुलांवरून गावाचं नाव घेऊन बोट दाखवू नका, सातात तीन-चार म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल इतका रुंद की त्यात काहीही बसेल, पण ती सहा गावं कुठल्या उपकेंद्राखाली येतात, तिथे सिस्टरची जागा भरलेली आहे का, सत्र किती महिने झालंच नाही, हे तपासायला कोणाची हरकत नसावी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना ९० की ८५ या वादापेक्षा ही यादी उपयोगी पडेल, आणि तुमचंही त्यांच्याशी बिघडणार नाही.

रिझल्टचं वाक्य मी असं लिहीन: "३० गावांतल्या २१० मुलांपैकी १७८ मुलांचं (८४.८ टक्के) लसीकरण पूर्ण आढळलं, गावनिहाय क्लस्टरिंग धरून ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ७६.० ते ९०.७, डिझाइन इफेक्ट २.०५. नोंदवलेल्या ९० टक्क्यांपेक्षा हे प्रमाण कमी आहे, पण फरक ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट नाही (दोन्ही बाजू, पी-व्हॅल्यू ०.०९). बंद घरांमुळे प्रत्यक्ष प्रमाण याहून कमी असण्याची शक्यता आहे." "दावा खोटा" हा शब्दप्रयोग कुठेही नको, "दावा सिद्ध" हाही नको.

राहिलं फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन. तुमच्या तालुक्यात त्या वयाची मुलं साधारण ३८०० असं तुम्ही लिहिलंय, २१० म्हणजे साडेपाच टक्के, त्या हिशोबाने स्टँडर्ड एरर तीनेक टक्क्यांनी कमी होईल, नगण्य. गावांच्या हिशोबाने १४० पैकी ३०, म्हणजे २१ टक्के, तिथे थोडा फरक पडू शकतो, पण ते करेक्शन फक्त गावागावांमधल्या फरकाला लागतं, गावाच्या आत सातच मुलं घेतल्याचा चढउतार तसाच राहतो, त्यामुळे सरसकट सगळ्या स्टँडर्ड एररला लावलंत तर चूक होईल. लावू नका, न लावल्याने इंटरव्हल जरासा जास्त रुंद येतो, तेवढं चालतं. गाइडने विचारलंच तर एवढंच सांगा, आणि सोबत गाववार तक्ता परिशिष्टात जोडा, गावांची नावं काढून.